मानाचे पाय

उदबत्तीचं लाल टोक गोरखच्या पायाच्या अंगठ्याला टेकलं, चांगलं दाबून टेकलं, तरी गोरखनं पाय काही मागं घेतला नाही.

उंबरटेकच्या भैरोबाच्या ओट्यावर भावकीतले वयात आलेले सगळे बाप्ये पाय पसरून ओळीनं बसले होते. देवळाचं सगळं बघणारा, भावकीतलाच दादाभाऊ हातात पेटती उदबत्ती घेऊन एकेकाच्या अंगठ्याला लावत पुढं सरकत होता. चटका बसला की माणूस "च्यायला!" म्हणून पाय ओढायचा, पोरं खिदळायची, आणि दादाभाऊ पुढच्याकडं वळायचा. ह्याला म्हणायचं पारख. आधीचा मानकरी वारला की येणाऱ्या यात्रेआधी ती करतात. ज्याच्या पायाला विस्तू कळत नाही त्याला देवानं निवडला, असं ह्या वाडीत पिढ्यान्‌पिढ्या चालत आलेलं. मग यात्रेच्या संध्याकाळी इंगळांच्या चरीवरून सगळ्यात आधी चालायचा मान त्याचा. बाकीचे नवसाचे लोक त्याच्यामागून पळत जातात. मानकऱ्यानं पळायचं नसतं, सावकाश एकेक पाऊल टाकत जायचं असतं.

"बोला, भैरोबाच्या नावानं..." दादाभाऊनं आरोळी ठोकली, आणि "चांगभलं!" करून अख्खी वाडी ओरडली. गुलाल उडाला. गोरखच्या डोक्याला फेटा बांधला गेला. चौतीस वर्षांचा बाप्या, टमाट्याचा टेम्पो हाकणारा, नवरदेवासारखा लाजत होता.

बायकांना ओट्यावर चढायची मुभा नाही. त्या खाली लिंबाजवळ उभ्या होत्या आणि त्यांच्यात गोरखची आई साळुबाई होती. शेजारीण गुलालाचा हात घेऊन तिच्याकडं आली. "नशीब काढलंस गं बाई! आधी नवरा मानकरी, आता पोरगं!"

साळुबाईनं तो हात असा झटकला की गुलाल शेजारणीच्याच तोंडावर गेला.

"नशीब म्हणं! घाल चुलीत तुझं नशीब!" असं म्हणून ती घराकडं तरातरा निघाली. बायका तोंडाला पदर लावून बघत राहिल्या. म्हातारीच्या डोक्यावर परिणाम झालाय, असं त्यातली एक म्हणालीसुद्धा.

परिणाम कसला! साळुबाईचं डोकं त्या वाडीतल्या शंभर डोक्यांपेक्षा ठिकाणावर होतं, म्हणूनच तर तिचं पित्त खवळलं होतं. तिचा नवरा कुंडलिक ह्याच ओट्यावर असाच बसला होता, असाच हसला होता. तेव्हा ती नवी सून होती आणि तिला फार अभिमान वाटला होता. पुढं काय झालं ते मात्र ओट्यावरच्या एकानंही पाहिलं नाही, ते तिनं एकटीनं पाहिलं. आधी पायाला मुंग्या. मग हातातून कासरा निसटायचा. मग पोट. कधी आठवडाभर बसलेलं, तर कधी परसाकडं पोचेपर्यंत दम धरवत नाही. बाजेवरून उठला की डोळ्यांपुढं अंधारी येऊन खाली. उंचापुरा गडी वाळत वाळत असा झाला की खुंटीवरचा सदरा आणि तो, फरक कळेना. पायात बाभळीचा काटा मोडायचा आणि ह्याला त्याचा पत्ताच नाही. जखम सडायची, तेव्हा वासानं कळायचं. पुढच्या दारी लोक त्या पायांना हळदकुंकू लावायला यायचे आणि मागच्या दारी साळुबाई त्याच पायांतला पू धुवायची. शेवटी गेला. वाडी म्हणाली, देव लाडक्याला लवकर नेतो. साळुबाईला तेव्हासुद्धा वाटलं होतं की हा कसला लाड!

घरी पोचताच तिनं श्रेयाला फोन लावला. श्रेया तिची धाकटी. पुण्यात एका प्रयोगशाळेत काम करायची.

"पारख झाली," साळुबाई म्हणाली. "तुझ्या भावाच्या पायाला इस्तू कळंना. दिवाळीत तू सांगितलं व्हतं ना, तेच हाय हे."

"येते मी," श्रेया म्हणाली.

दिवाळीत श्रेयानं सांगितलं ते असं. मानाची जागा कुंडलिकनंतर त्याच्या चुलतभावाकडं, गेणूकडं गेली होती. गेणू खंगायला लागला तेव्हा श्रेयानं हट्टानं त्याला पुण्याच्या मोठ्या दवाखान्यात नेलं. तिथं त्याच्या पोटाच्या चरबीचा कण काढून, रंगवून भिंगाखाली पाहिला, रक्त तपासलं, आणि आजाराला नाव मिळालं. आपलं लिव्हर रक्तात एक प्रोटीन सोडतं, श्रेया सांगत होती. त्याचे चार तुकडे एकमेकांना धरून असतात आणि अंगात मालाची ने-आण करतात. आपल्या घराण्यात त्यात एका जागी चूक आहे, ती आईबापाकडून लेकरात उतरते. त्या चुकीमुळं चार तुकडे सुटतात, वाकडेतिकडे होतात, एकमेकांना चिकटून त्यांचे धागे बनतात. ते धागे नसांत साचतात, पोटात साचतात, काळजात साचतात. त्याला अमायलॉइड म्हणतात.

"दूध नासल्यावानी?" साळुबाईनं विचारलं होतं.

"तसंच. पण नासलेलं दूध फेकता येतं, आई. हे आतच राहतं. पायाच्या बारीक नसा आधी मरतात. गरम-गार कळणं सगळ्यात आधी जातं."

ती प्रयोगशाळेत तेच प्रोटीन तयार करायची, त्यात हीच घराण्याची चूक मुद्दाम घालून. काचेच्या नळीतलं स्वच्छ पाणी बघता बघता गढूळ व्हायचं. "मी तिथं बाबांचा आजार नळीत बनवते," ती म्हणाली होती, "आणि मग तो कशानं थांबतो ते बघते. थांबवणारं औषध आहे, आई. माणसांसाठी सुद्धा निघालंय. पण ते लवकर सुरू करावं लागतं. मेलेली नस परत येत नाही."

साळुबाईच्या डोक्यात सगळं जिथल्या तिथं बसलं. ती उठून गोठ्यात गेली आणि गाईच्या पाठीवर हात ठेवून बराच वेळ उभी राहिली. गेणू संक्रांतीच्या आधी गेला, औषधाला उशीर झाला होता. आणि दादाभाऊनं वाडीभर काय सांगितलं? दवाखान्यात नेऊन पोटाचा तुकडा काढला म्हणून भैरोबा कोपला, म्हणून गेणू गेला. आता सांगा, असल्या माणसाचं काय करायचं!

दुसऱ्या दिवशी श्रेया एसटीनं आली ती पायरीवर चप्पल काढायच्या आधीच म्हणाली, "दादा कुठाय?"

गोरख ओसरीवर बसला होता. समोर पेढ्यांचे बॉक्स. त्याची बायको आरती येणाऱ्याजाणाऱ्याला पेढा देत होती. कोपऱ्यावर फ्लेक्ससुद्धा लागला होता, त्यावर गोरखचा गॉगल घातलेला फोटो आणि खाली भावकीतल्या सगळ्यांची नावं.

"नारायणगावला चल," श्रेया म्हणाली. "रक्त दे. नमुना मी स्वतः पुण्याला नेते. डॉक्टरांशी बोलून ठेवलंय."

"देतो की," गोरख म्हणाला. "यात्रा हू दे."

"यात्रेत तू चालायचं नाहीस."

"वन्सं, असं अभद्र बोलू नका," आरती म्हणाली. "लोकं नवस करत्यात ह्या मानासाठी."

"कशासाठी नवस करतात, वहिनी? नसा मरायसाठी?" श्रेयाचा आवाज चढला. "दादा, तुला कळत नाही म्हणून तुझा पाय जळायचा थांबत नाही. बघ तो अंगठा! बघ की!"

गोरखच्या अंगठ्यावर फोड आला होता, पाणी भरलेला, चांगला टपोरा. त्यानं पाय बाजेखाली घेतला.

"आन् तुझं?" साळुबाईनं मधेच विचारलं. "तू तुझं रक्त तपासलंस का?"

श्रेयानं मान खाली घातली. "तपासलं. माझ्यात नाही."

"बरं झालं," गोरख म्हणाला. "मग तू सुटलीस. आता दुसऱ्याला शिकवाया मोकळी."

ते ऐकून श्रेयाचं तोंड पांढरंफटक पडलं. साळुबाईच्या तळपायाची आग मस्तकात गेली. तिनं पेढ्यांचा बॉक्स उचलला, दुसरा उचलला, आणि दोन्ही नेऊन गाईच्या गव्हाणीत पालथे केले.

"आत्या!" आरती ओरडली.

"गप बस! गाय तरी गोड खाऊन दूध दील. हे मानकरी खाऊन काय देणार हाईत? माझ्या घरात रांडमुंड बायका, आनखी काय!" मग ती गोरखपुढं येऊन उभी राहिली. "बहिणीला टोचून बोलतोस? ती तुझ्यासाठी उन्हातान्हाची पळत आली. तुझ्या बापाचे पाय मी धुतलेत, गोरख. त्यातल्या आळ्या मी येचल्यात. मला देवाचं सांगू नकोस."

"मग काय सांगू?" गोरख ताडकन उठला, आणि उठताच झोक गेला. त्यानं खांब धरला. डोळे मिटून तसाच उभा राहिला. आरती धावली तर तिला हातानं लांब केलं. थोड्या वेळानं तो बोलायला लागला तेव्हा त्याचा आवाज खाली आला होता, पण त्यात राग काठोकाठ होता.

"मला म्हाईत न्हाई आसं वाटतं का तुमाला? टेम्पोचा ब्रेक कुठं हाय ते मला वाकून बघावं लागतंय. पाय त्याच्यावर पडला का न्हाई, कळत न्हाई. मागच्या महिन्यात आळेफाट्याला एका पोराला वाचीवलं ते माझ्या पायानं न्हाई, त्या पोराच्या नशिबानं. सदऱ्याची गुंडी आरती लावती. समदं म्हाईत हाय मला! पण रोग म्हणलं की मी आजारी. टेम्पो गेला, काम गेलं, बाजंवर पडून राहायचं आन् लोकांनी कीव करायची. शौर्यालाबी व्हईल का म्हणून रोज त्याच्या तोंडाकडं बघायचं. आन् देव म्हणलं की मी मानकरी. बापासारखंच मरायचंय, तर मग मानानं मरू दे ना!"

शौर्य त्याचा सहा वर्षांचा मुलगा. आरती मटकन खाली बसली. तिला ह्यातलं गुंडीशिवाय काही ठाऊक नव्हतं.

"मरायचंच आहे असं कुणी सांगितलं?" श्रेया आता रडत रडत भांडत होती. "औषध आहे म्हणून सांगतेय ना मी! तू बाबांसारखा शेवटाला नाही पोचलेला, दादा. आत्ता थांबवलं तर आहे एवढं राहील. एवढं तरी राहील! माझ्या रात्रीच्या रात्री गेल्या त्या नळ्यांपुढं, त्या काय तुझ्या फ्लेक्ससाठी?"

"यात्रा झाल्यावर बघू," गोरख म्हणाला, आणि बाहेर निघून गेला. लंगडतही नव्हता. लंगडायला दुखावं लागतं.

यात्रेच्या दिवशी वाडीत पाय ठेवायला जागा नव्हती. पिंपळवंडीपासून बेल्ह्यापर्यंतचे पाहुणे आले होते, डीजेच्या भिंती लागल्या होत्या, पाळणे, भेळीच्या गाड्या, सगळं. ऊन कलल्यावर देवळापुढच्या चरीत बाभळीची लाकडं जळून इंगळ झाले. दोन्ही बाजूंनी दोर बांधलेले, दोराच्या पलीकडं माणसांची भिंत, आणि प्रत्येकाच्या हातात मोबाईल. गोरख फेटा बांधून, धोतर खोचून, अनवाणी चरीच्या तोंडाशी उभा होता. दादाभाऊ शेजारी पूजेचं ताट घेऊन. त्याच्या अंगात तर नुसतं वारं शिरलं होतं, माईकवरून सारखा "मानकरी, मानकरी" करत होता.

साळुबाईनं दोर उचलला आणि खालून आत शिरली.

"वहिनी!" दादाभाऊ माईकवरूनच ओरडला. "बायकांनी हितं यायचं नसतंय!"

"बायकांनी मागच्या दारी यायचं असतंय, म्हाईत हाय मला, भाऊजी." तिनं त्याच्या ताटातली पेटती उदबत्ती काढून घेतली, खाली वाकली, आणि दादाभाऊला काय चाललंय ते कळायच्या आत त्याच्या अंगठ्याला लावली.

दादाभाऊ हातभर उडाला. ताट खणखणत गेलं. माणसं फिदीफिदी हसली.

"हसा!" साळुबाई गरजली. माईक दादाभाऊच्या हातातच होता आणि चालूच होता, त्यामुळं तिचं बोलणं डीजेच्या भिंतींतून पार वेशीपर्यंत गेलं. "हसा, मेल्यांनो! चटका बसला म्हणून ह्या माणसाला देवानं नाकारलं म्हणायचं ना? हा सत्तरीला आला, काठी न्हाई, चष्मा न्हाई, दोन भाकरी खातो. ह्यो नाकारलेला! आन् माझा मालक निवडलेला, तो पन्नाशी बघितल्याबिगर गेला. त्याचा चुलता निवडलेला, तो गेला. गेणू निवडलेला, तो परवा गेला. समदे तसेच वाळून गेले. तुमी समद्यांनी डोळ्यांनी बघितलंय, कुणाला म्हाईत न्हाई त्यानं हात वर करा!"

हात कशाला वर होतोय. डीजेवाल्यानं घाबरून गाणं बंद केलं.

"आन् माझी नणंद पारू? तिच्याबी पायाला इस्तू कळत नव्हता. तिचीबी अशीच काडी झाली. तिला कुणी फेटा बांधला? तिला बाहेरचं लागलं म्हणलात! मांत्रिकानं तिला केस धरून आपटली, सासरच्यांनी आणून टाकली, माझ्या घरात ती गू-मुतात मेली. एकाच घरातला एकच रोग, बाप्याला झाला तर देव आन् बाईला झाला तर भूत! कसला न्याय रे हा तुमचा? चटका बसतो ना पायाला, तीच देवाची किरपा हाय. त्यानं माणूस जपायला चटका दिलाय. ज्याचा चटका गेला त्याला दवाखान्यात न्यायचं का इंगळावर?"

"देवाच्या दारात शिव्याशाप नकोत, वहिनी," दादाभाऊ अंगठा चोळत म्हणाला. "वाटोळं व्हईल."

"व्हायचं राहिलंय का काय!"

तिनं बोलून घेतलं, आणि क्षणभर असं वाटलं की झालं, जिंकली म्हातारी. पण ती गोरखकडं वळली तेव्हा तिला दिसलं की त्याचा चेहरा लाल झालाय. सगळ्या मुलखादेखत आईनं त्याला रोगी म्हटलं होतं. मोबाईल त्याच्याकडं वळले होते. जे तो ओसरीवर चार माणसांत कसंबसं बोलला होता, ते आता डीजेवरून वाजलं होतं.

"काढलीस ना लाज?" तो म्हणाला. "आता बघ."

आणि त्यानं इंगळांवर पाय ठेवला.

तो सावकाश चालला. एक पाऊल, मग दुसरं. कुणीतरी बारीक आवाजात चांगभलं म्हणालं, पण कुणी साथ दिली नाही. चरीच्या मध्यावर गेल्यावर गोरख थांबला. मानकरी कधी थांबत नाही, चालत राहतो. हा थांबला, मुद्दाम थांबला, आणि आईकडं तोंड करून, छाती काढून, इंगळांत पाय रोवून उभा राहिला. मला काही होत नाही, असं त्याचं सगळं अंग सांगत होतं.

"दादा, बाहेर नीघ!" श्रेया दोरापलीकडून किंचाळली. तिला लोकांनी धरून ठेवलं होतं.

साळुबाईला धरायला कुणी नव्हतं. तिनं लुगडं गुडघ्यावर ओढलं आणि ती चरीत उतरली.

पहिल्याच पावलाला तिच्या तोंडून जो आवाज निघाला तो ऐकून बायकांनी कान झाकले. पण ती मागं फिरली नाही. ती किंचाळत किंचाळतच गोरखपर्यंत गेली, त्याचं मनगट धरलं आणि ओढायला लागली. म्हातारी एवढीशी, पोरगा धिप्पाड. तो जागचा हलेना. तो तिच्या तोंडाकडं बघत राहिला होता, डोळे विस्फारून, जणू आई असं का करतेय हेच त्याला उमजत नव्हतं. मग त्यानं तिच्या पायांकडं पाहिलं. मग स्वतःच्या.

त्यानंतर त्यानं तिला उचललं आणि दोन ढांगांत बाहेर आणलं. चार माणसांनी कळशा ओतल्या. दादाभाऊ कुठं गेला ते कुणी पाहिलं नाही. त्या यात्रेत चरीवरून पुढं कुणीच चाललं नाही.

नारायणगावच्या दवाखान्यात दोघांना शेजारशेजारच्या खाटांवर घेतलं. आरती दोन्ही खाटांच्या मधे उभी होती, कुणाचा हात धरावा ते तिला कळत नव्हतं. नर्स साळुबाईच्या तळव्याची कातडी साफ करायला लागली आणि साळुबाई ओरडायला लागली. पदर तोंडात कोंबून बघितला, जमलं नाही. तिनं भैरोबाला शिव्या दिल्या, दादाभाऊच्या सात पिढ्या काढल्या, नर्सलासुद्धा सोडलं नाही.

"आजी, थोडंच राहिलंय."

"तुझ्या पायाला लाव मग थोडं!"

पलीकडं कंपाउंडर गोरखच्या तळव्याची सुटलेली कातडी कात्रीनं कापत होता. साळुबाईपेक्षा त्याचं जास्त जळालं होतं, तो जास्त वेळ उभा राहिला होता. गोरख उठून बसून बघत होता. कात्री चालत होती, रक्त येत होतं, आणि तो नुसता बघत होता. साळुबाईची नजर तिकडं गेली आणि ती आपलं दुखणं विसरली.

"वरड की!" ती त्याच्यावर ओरडली. "वरड ना रे! कातडी सोलत्यात तुझी, वरड! एवढा मोठा मानकरी तू, एकदा वरडून दाखव!"

गोरखनं तोंड उघडलं. ओठ हलले. पण खोटं कसं ओरडायचं? त्यानं कंपाउंडरच्या हाताकडं पाहिलं, आईच्या पायाकडं पाहिलं, आणि त्याच्या डोळ्यांतून पाणी वाहायला लागलं.

"मला कायबी व्हईना, आये," तो म्हणाला. "कायच व्हईना."

श्रेया भिंतीला टेकून उभी होती. गोरखनंच सदऱ्याची बाही वर सारली. गुंडी त्याला निघेना, तर बाही तशीच फाडून वर घेतली आणि दंड तिच्यापुढं धरला.

"घे बाई काय घ्यायचं ते. आन् ते औषध काय असंल ते उद्याच सुरू कर. मला आनखी कायबी हरवायचं न्हाई."

नर्सनं दंडाला रबर बांधलं आणि सुई घातली.

"आयायाया!" गोरखनं हात ओढला. "हळू की, बाई!"

श्रेया भिंतीपासून पुढं धावली; दंडातली नस अजून जिवंत होती. नर्स बिचारी घाबरली, काही चुकलं की काय म्हणून. साळुबाई कोपरावर रेटून अर्धी उठली.

"दुखलं?" तिनं विचारलं. "खरंच दुखलं?"

"दुखलं की! केवढी सुई हाय ती!"

"दुखू दे," साळुबाई म्हणाली. तिला हुंदका आला आणि त्याच्यावर पुन्हा रागही आला. "आनखी टोचा त्याला, मेल्याला, चांगलं दुखू दे!" मग ती उशीवर पडली आणि नर्सला म्हणाली की आता माझ्या पायाचं काय करायचं ते कर, मी ओरडणार नाही. ती ओरडलीच.